दोरी मी तोडली, दादा

दादा, तुझं तेरावं परवा उरकलं. पाहुणे आपापल्या घरी गेले, वहिनी भांडी मोजून ठेवतेय, आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलो म्हणजे सुटलो, असं तुला वाटलं असेल तर ते डोक्यातून काढून टाक. खाडीवरच्या त्या दुपारपासून तू जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास आणि तसाच निघून गेलास. आयुष्यभर तू माझ्याशी भांडलास, पण भांडण असं अर्ध्यावर टाकून कधी उठला नव्हतास. माझ्यावर चिडून गेलास की आणखी कशाने गप्प होतास, एवढंच मला तुझ्याकडून हवं आहे, आणि तेवढंच आता मिळणार नाही.

भेटायला आलेले लोक काय काय बोलून गेले ते तू ऐकायला हवं होतंस. चिकूचा एक व्यापारी म्हणाला, "फार शांत माणूस होता हो." मला हसू फुटलं. वहिनीने पदराआडून असा चिमटा काढला की अजून काळंनिळं आहे. तुला वाडीत चिकू उतरवताना कोणी पाहिलं नसेल तोच असं म्हणेल. नाकावर राग घेऊनच तू जन्मलास. लहानपणी तू माझी वेणी धरून मला विहिरीभोवती फरपटत न्यायचास आणि मी तुझ्या दंडाला चावायचे. त्या दातांची खूण तुझ्या दंडावर शेवटपर्यंत होती. शेवटचं पाणी घालताना ती दिसली आणि तोपर्यंत कोरडी राहिलेली मी तिथे कोसळले.

मला तलासरीला दिलं होतं. नवऱ्याने माझं डावं मनगट दाराच्या चौकटीवर आपटून मोडलं तेव्हा तू जहाजावर होतास, फिटर म्हणून. सुट्टीवर आलास, घरी बॅग टाकलीस आणि तडक तिकडे आलास. त्याला खाटेवरून ओढून बाजारात आणलंस. भाजीवाल्यांच्या टोपल्या उलटल्या, लोक गोळा झाले, कोणी मध्ये पडलं नाही. तू त्याचं तोंड वांग्यांमध्ये दाबून धरलंस आणि बुक्के मारत राहिलास, तो हात जोडत होता तरी. मग मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन निघालास. चारोटीच्या नाक्यावर चहाला थांबलो. तुझ्या शर्टावर त्याच्या नाकाचं रक्त होतं. चहावाला टक लावून बघत राहिला.

"काय बघतो? दोन चहा दे. एक बिनसाखरेचा," तू म्हणालास.

मी कप हातात घेऊन म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं त्याला मारायला? मी माझी येणार होते."

"मग का नाय आलीस?"

"तू माझ्यासाठी नाय मारलंस. तुझा राग काढलास."

"मग राग कोणासाठी होता?"

हे भांडण आपण पुढे किती वेळा केलं असेल. दिवाळीला, राखीला, कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत. ते मिटलं नाही. त्या दिवशी तू आला नसतास तर मी आज जिवंत नसते, हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू मिशीत हसून आठ दिवस मिरवलं असतंस, म्हणून नाही म्हटलं. आता म्हणते.

घरी आल्यावर मी महिनोन् महिने बोलत नव्हते. कोणी जोरात दार लावलं तरी मी कोपऱ्यात जाऊन बसायचे. वहिनी माझ्या डोक्यावर तेल घालायची, कुठला तरी अंगारा लावायची. तू तसलं काही केलं नाहीस. तू माझ्यापुढे तंगूस आणून टाकलास, मासे पकडायचा तो नायलॉनचा दोरा, रिळाचं रीळ, आणि म्हणालास, "बस इथे. गाठी मार."

कुठल्यातरी थंड देशाच्या बंदरात एका म्हाताऱ्याने तुला ती फ्लाय फिशिंगची काठी दिली होती. दिली की विकली, की तू पैजेत जिंकलीस, ते तू दरवेळी वेगळं सांगायचास. तिला जाड पिवळी दोरी. दोरीच्या पुढे लीडर, म्हणजे टोकाकडे बारीक होत जाणारा तंगूस. त्याच्या पुढे टिपेट, सगळ्यात बारीक. आणि अगदी टोकाला गळावर कोंबडीची पिसं गुंडाळून तू केलेली खोटी कोळंबी. आगरच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून तू ती दोरी हवेत सपासप फटकारायचास, तेव्हा किनाऱ्यावर जाळी सुकवणारे म्हणायचे, "फिटर आज कोणाला चाबकाने मारतोय?" तू तिकडे वळूनही बघायचा नाहीस.

हे सगळे तुकडे एकमेकांत अडकतात ते लूपने. दोन्हीकडे एक एक फासा, एकातून दुसरा ओवायचा. लूप सुटला की दोरी, मासा, दिवस, सगळं गेलं. म्हणून तू मला आधी लूप शिकवलास. तंगूस दुमडायचा. दुमडलेल्या दोन्ही पदरांची मिळून एक साधी गाठ घ्यायची, पण आवळायची नाही. लूपचं तोंड त्याच गाठीतून आणखी एकदा फिरवून बाहेर काढायचं. मग थुंकी. थुंकी लावल्याशिवाय ओढायचं नाही, कारण कोरडा तंगूस आवळताना स्वतःवरच घासून तापतो आणि आतून भाजतो. वरून काही दिसत नाही. मग सगळे पदर धरून हळूहळू, एका दमात. या गाठीला तू सर्जन लूप म्हणायचास.

मी एक गाठ मारली की तू तिचा लूप दाराच्या कडीत अडकवायचास, दुसरं टोक मुठीला गुंडाळायचास आणि सगळ्या अंगाचा भार टाकून हिसका द्यायचास. फट् आवाज यायचा. "मेली. दुसरी मार." माझं मनगट नुकतंच प्लॅस्टरमधून निघालेलं, बोटं सुजलेली, आणि तू एकामागून एक गाठ तोडत उभा. मी मुसमुसत दुसरी मारायचे. तू तीही तोडायचास. असं किती दिवस चाललं ते मला आठवत नाही. एका सकाळी तू पुन्हा "मेली" म्हणालास आणि मी अख्खं रीळ तुझ्या तोंडावर भिरकावलं. कपाळाला खोक पडली, रक्त भुवईवर आलं. तू ते तळहाताने पुसलंस आणि स्वयंपाकघरातल्या वहिनीकडे बघून ओरडलास, "सुनंदा, बाय बरी झाली गं."

त्यानंतरची गाठ तुटली नाही. तू कडीच उपटून काढलीस दारातून.

मग आपण मतभेदांना मोकळे झालो. लीडरच्या जाड टोकाला परफेक्शन लूपच हवा, असा तुझा हट्ट. एक वळण मागे, एक पुढे, मधून टोक घालायचं, पुढचं वळण मागच्यातून ओढून काढायचं, की लूप दोरीच्या रेषेत सरळ उभा. तू हे बोलता बोलता करायचास. मला ते कधी साधलं नाही. माझं मोडकं मनगट त्या वळणाला नाहीच म्हणायचं. मी म्हणायचे, माझा सर्जन लूप जरा तिरका बसतो, पण चिडलेली असताना, ओल्या हातांनी, न बघता मारता येतो. तू म्हणायचास, पिशवीच्या तोंडाला मारतात तसली गाठ घेऊन माझ्याबरोबर पाण्यात उतरू नको. आणि लूपात लूप अडकवताना मी घाई केली की माझ्या बोटांवर काठीचा टोला. दोन्ही लूप सारखे बसले पाहिजेत, हातात हात घातल्यासारखे. एक दुसऱ्यावर चढून बसला तर तो दुसऱ्याला कापतो. मी तुला तोंडावर सांगितलं होतं, दादा, या घरात चढून बसणारा लूप तू आहेस. तू दोन दिवस जेवताना पाठ फिरवून बसलास, पण बोलत होतास. मला शिव्या घालण्यापुरतं का होईना, बोलत होतास.

आणखी एक नियम होता तुझा. टिपेट कायम सगळ्यात कच्चा ठेवायचा. तुटायचंच झालं तर तिथे तुटावं. मासा जावा, दोरी आणि माणूस राहावा.

आपल्या खाडीत हा नियम जिताड्याने पाळायला लावला. जिताडा खोटी कोळंबी घेतो तेव्हा आधी पाणीच फुटतं. मग तो सगळाच्या सगळा हवेत येतो आणि डोकं असं झटकतो की काठी मुळापासून हादरते. त्याच्या गालफडाची कड सुरीसारखी धारदार. एकदा तुझा तळहात तिने अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला होता. तू त्याच हाताने त्याच्या डोक्यात दांडका घातलास, एकच, आणि मासा थरथरून निपचित झाला. त्या वेळचं तुझं तोंड मला बघवायचं नाही. नंतर शेपटीकडचा तुकडा मात्र मीच मागून घ्यायचे.

गेल्या वर्षी तुझी उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी आलास तो घरातल्या वस्तूंवर तुटून पडलास. वॉकर विहिरीत. औषधांचा डबा अंगणात. वहिनीचा मोबाईल भिंतीवर. तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते, पण शिव्या स्वच्छ येत होत्या. एके दिवशी भात गार आहे म्हणून तू वहिनीवर डावा हात उचललास. मी मध्ये गेले, तो मला बसला. आणि मी तुझ्या कानाखाली वाजवली. अर्धं अंग गेलेल्या माणसाच्या. वहिनी किंचाळली. मी तुला विचारलं, "तलासरीचा तो आणि तू, फरक काय राहिला? मला सांग. आत्ता सांग."

तू गाल चोळलास. मग म्हणालास, "तंगूस आण."

वहिनीवर पुन्हा हात उचलला नाहीस. वस्तू फोडत राहिलास, ते आम्ही चालवून घेतलं.

त्या दिवसापासून आपण दोघं मिळून गाठी मारायला लागलो. तुझा उजवा हात मेलेला, माझं डावं मनगट वळत नाही. तुझा डावा आणि माझा उजवा, असे दोन हात झाले. तिसरा म्हणून तुझे दात. तू टोक दातात धरायचास, मी वळण घ्यायचे, तू बोटाने दाबून ठेवायचास, मी ओवायचे. चुकलं की तू दातात तंगूस असतानाच शिव्या द्यायचास आणि लाळ माझ्या मनगटावर गळायची. तू म्हणायचास, थुंकी फुकट जायला नको. परफेक्शन लूप मला जन्मात पहिल्यांदा तेव्हा जमला, तोसुद्धा अर्धाच माझा. तू तो खिडकीच्या गजाला अडकवून डाव्या हाताने हिसके दिलेस, पाय लावून दिलेस, शेवटी दमून मागे पडलास. गाठ जागची हलली नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी बघितलं म्हणून तू मला उशी फेकून मारलीस.

मग सुरू झालं, मला खाडीवर ने. डॉक्टर नाही म्हणाले. वहिनी म्हणाली, त्यांना काही झालं तर माझ्या दारात येऊ नको. तू म्हणालास, "इथे मरू? मुतलेल्या चादरीत?" मी हो म्हटलं. मी हो म्हटलं याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पण मग तू तुझाच नियम मोडलास. टिपेट लीडरइतकाच जाड घ्यायला लावलास. एका हाताने मासा खेळवता येत नाही, ढील देता येत नाही, तेव्हा काहीच कच्चं नको. काठी तुझ्या मेलेल्या हाताला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायची, तुझ्या हातासकट ती धरून दोरी मी फेकायची आणि तू डाव्या हाताने ओढायची.

मी विचारलं, "सगळंच पक्कं केलं तर तुटणार काय?"

"तो," तू म्हणालास.

ओळखीच्या राजेशची रिक्षा केली होती. त्याने आणि मी तुला उचलून आगरला पाण्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. ओहोटी लागली होती. तुझ्या गळ्यात नेहमीचं नेलकटर दोरीला लटकत होतं, तंगुसाची टोकं कापायचं. मी दोरी फेकली. पुन्हा फेकली. तू माझ्या फेकण्यावर ताशेरे मारत होतास आणि मला बरं वाटत होतं. राजेश मागे बिडी ओढत म्हणाला, "शेठ, आज भाजीच करायला लागणार घरी." तू त्याला काही तरी उलट बोलायला तोंड उघडलंस आणि त्याच क्षणी पाणी फुटलं.

असा जिताडा मी बघितला नव्हता. तो हवेत आला, डोकं झटकलं, खाली गेला, आणि तू दोरी सोडायची सोडून मुठीला गुंडाळलीस. एकदा, दोनदा. खुर्ची उलटली. तू तोंडावर चिखलात पडलास. मासा ओढत होता त्याहून जास्त ओहोटी ओढत होती, आणि काठी तुझ्या हाताला बांधलेली, दोरी तुझ्या मुठीत, आपण दोघांनी मारलेल्या गाठी एकही सुटत नव्हत्या. तू पोटावर घसरत खोल पाण्याकडे चाललास. मी तुझे केस धरून तोंड वर काढलं. तोंडात चिखल होता, नाकातून रक्त येत होतं.

"सोड मूठ," मी ओरडले.

"नाय."

"मरशील."

"मरू दे. सोडणार नाय."

मी तुझ्या पाठीवर बसले, दादा. गुडघा मानेवर रोवला, नेलकटरची दोरी ओढली, तुझा गळा आवळला गेला. तू माझा अंगठा चावलास, रक्त येईपर्यंत. मी तुझ्या तोंडावर कोपर मारलं आणि मुठीच्या पुढे पिवळी दोरी कापली. पहिल्यांदा नाही कापली गेली. दुसऱ्यांदा कापली.

दूरवर तो एकदा पाण्याबाहेर आला, मागे तुझी पिवळी दोरी घेऊन. तू ते बघितलंस. राजेश पाण्यात धावत येईपर्यंत तू माझ्याकडे बघून एकच शब्द बोललास, "तोडलीस." तो शेवटचा.

तुला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. टिपेट तोडायचा, मुख्य दोरी नाही. दोरी घेऊन गेलेला मासा कुठल्या तरी खडकात अडकून कुजून मरतो, आणि माणसाने जनावराला तसं मारू नये, एका दांडक्यात मारावं. मान्य. पण टिपेट त्याच्या तोंडाशी होता आणि तुझं तोंड माझ्या हातात होतं. मला दोघांतून एक निवडायचा होता. मी पुन्हा तुलाच निवडीन, आणि तू पुन्हा मला चाव.

घरी आणल्यावर तू भिंतीकडे वळलास. मी रोज येऊन तुझ्या पाठीशी भांडले. विनवण्या करून झाल्या, मग शिव्या. परफेक्शन लूप हे नुसतं थोतांड आहे, असंही म्हणून पाहिलं. म्हटलं, यावर तरी उसळशील. तू गप्प. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं, मेंदूत पुन्हा थोडं रक्त साकळलंय, वाचा गेली आहे, कदाचित समजतही नसेल. ते म्हणाले, हे खाडीवर घडलं नसतं तर घरीही घडलंच असतं. वहिनीने मला दारातून हाकललं नाही. उलट मला जवळ घेऊन म्हणाली, "बघ, रागावले नाहीत ते तुझ्यावर. त्यांना बोलताच येत नव्हतं गं." तेराव्यालाही सगळे हेच सांगत होते. राग नव्हता, मनाला लावून घेऊ नको. इतक्या प्रेमाने सांगत होते की मला एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

कारण ते खरं असेल तर, दादा, शेवटचे दिवस त्या कॉटवर तू नव्हतासच. मी एका निकामी झालेल्या शरीराशी भांडत होते, आणि तू चिखलात, मासा जाताना बघून संपलास. ते मला सहन होत नाही. त्यापेक्षा तुझा राग मला शंभरदा चालेल. तू माझ्यावर चिडलेला असणं म्हणजे तू असणं, इतकी वर्षं मला हेच माहीत आहे.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या कानाशी वाकून म्हणाले होते, "दोरी मी तोडली. मला काही वाईट वाटत नाही." तुझी डावी मूठ चादरीवर आवळली गेली. नखं पांढरी पडली. डॉक्टर म्हणतात, अशा रुग्णांची मूठ आपोआप वळते, त्याला अर्थ नसतो. त्यांनी पुष्कळ मुठी बघितल्या असतील. पण हिचा मार मी लहानपणापासून खाल्ला आहे. ती मलाच मारायला वळली होती.